सलग

सतरा नंबरच्या घरातून आलेली तक्रार एका ओळीची होती: मोरीचं दार उघडत नाही. घराच्या फळ्या पुरवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाने शिरस्त्याप्रमाणे कळवलं, की चावी हरवल्यास कंपनी जबाबदार नाही. हेच उत्तर तिसऱ्यांदा आल्यावर सुगंधा कोयंडे यांनी फोन करून साहेबांचा जो काही उद्धार केला, तो ऐकून साहेबांनी तपासनीस प्रणिता मेस्त्रीला त्याच दुपारी गाडी देऊन सडावाडीला पिटाळलं.

"अगो, चावी हरवली काय म्हणान विचारतत!" सुगंधाकाकी दारातच सुरू झाल्या. "चावी घालूक भोक खंय आसा? तू बग आणि तूच सांग माका."

प्रणिताने पाहिलं. मोरीला दार होतं, म्हणजे दाराचा रंग होता, कडी होती, बिजागऱ्या होत्या. पण दार कुठे संपतं आणि चौकट कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. तिने सवयीने अंगठ्याचं नख वरून खाली फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. कुलपाच्या भोकाच्या जागी एक गुळगुळीत खळगा होता, बेंबीसारखा.

"किती दिवस बंद होतं, काकी?"

"आमी भाचयेच्या लग्नाक बेळगावाक गेललंव. आठ दिस. पुढचा दार शेजारीण दिवो लावूक रोज उघडी, ता ठीक आसा. मोरयेचा येवन बगतंय तर ह्या असा."

प्रणिताने गाडीतून करवत आणली आणि दार जिथे असायला हवं होतं तिथे पातं चालवलं. भुसा पडू लागला तसा एक वास आला. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवलं की सकाळी झाकण काढताना येतो, तसा. कापलेली कड तिने बोटाने दाबून पाहिली. ती ओलसर होती, आणि किंचित कोमट.

*

ही २०४१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तोवर कोकणच्या किनाऱ्यावर लाकूड-प्लॅस्टिकच्या फळीचं कौतुक कुणाला उरलं नव्हतं, इतकी ती घरोघरी झाली होती. तिची कृती सोपी आहे. गिरणीतला लाकडाचा भुसा, भाताचं तूस आणि दुधाच्या पिशव्यांपासून फाटक्या जाळ्यांपर्यंतचं टाकाऊ प्लॅस्टिक धुऊन, दळून, तापवून एकत्र करायचं आणि शेवेच्या सोऱ्यातून पीठ दाबावं तसं साच्यातून बाहेर दाबायचं. लाकडाला पाणी प्रिय आणि प्लॅस्टिकला पाण्याचं वावडं, त्यामुळे दोघांचा संसार लावून द्यायला मधे एक रसायन घालतात. ते एका हाताने लाकूड धरतं, दुसऱ्याने प्लॅस्टिक. अशा फळीला वाळवी लागत नाही, ती कुजत नाही, तिला रंधा मारता येतो, खिळा ठोकता येतो.

तिची खोड एकच होती. वर्षानुवर्षं उन्हात तापून तिला केसाएवढे तडे जात, तड्यातून पाणी आतल्या भुशापर्यंत पोचे, भुसा फुगे आणि तडा वाढे.

त्यावर उपाय काढला डॉ. वसुधा करमळकर यांनी. काही जिवाणू स्वतःच्या पोटात एक प्रकारचं प्लॅस्टिक साठवतात, आपण चरबी साठवतो तसं. निसर्गातली ही जुनीच गोष्ट. करमळकरबाईंनी कोकणातल्या एका उन्हाळ्यातून, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातून, असा एक जिवाणू काढला, त्याला भुसा पचवायला शिकवलं आणि पोटातलं प्लॅस्टिक पोटात न ठेवता बाहेर टाकायला लावलं. मग त्याची बीजं मातीच्या सूक्ष्म कवचात बंद करून फळीत घातली. फळी धड आहे तोवर बीजं झोपलेली. तडा गेला, हवा आली, ओल आली, उघडा भुसा मिळाला, की ती जागी होतात, भुसा खातात आणि दोन्ही काठांवरून प्लॅस्टिक विणत जातात. चार मिलिमीटरपर्यंतची फट बुजवतात. फट बुजली की हवा तुटते, आणि बीजं पुन्हा झोपतात.

फळीच्या बाहेरच्या अंगाने जिवाणू जागे होऊ नयेत म्हणून वर शुद्ध प्लॅस्टिकचा एक पातळ थर असे. कारखान्यात त्याला सगळे साय म्हणत. कंपनीने फळीला नाव दिलं 'सलग'. समुद्राने खालची वाडी गिळली तेव्हा सरकारने वर सड्यावर, त्या जांभ्याच्या उघड्या माळावर, बासष्ट घरांची सडावाडी उभारली ती सलगची. वादळात सगळ्यांनी जाऊन बसायचा निवाराही सलगचा. असे निवारे किनाऱ्यावर दोनशेच्या वर होते.

*

सुगंधाकाकींच्या मोरीतला कापलेला तुकडा प्रणिताने उजेडात धरला. त्याच्या सायीवर तांबूस-काळी चमक होती. तिने तो नाकाशी नेला, आणि आंबोळीच्या वासाच्या मागून दुसरा वास आला. तो वास ती पाळण्यात असल्यापासून ओळखत होती.

काजूच्या टरफलांचं तेल. कोकणातला सुतार पावसाआधी होडीला, दाराला, तुळईला ते चोपडतो. कातडीला लागलं तर फोड येतात, पण लाकडाला लागलं की वाळवी आणि पाणी दोघांनाही वाट बंद. लाकूड आहे आणि तेल नाही, ही गोष्ट इथल्या सुताराला उघड्यानागड्या पोरासारखी वाटते. तो ती पाहूच शकत नाही.

आणि सडावाडीत सुतार एकच होता. अंकुश मेस्त्री, प्रणिताचे वडील.

प्रणिताने कुडाळला फळीच्या कारखान्यात नोकरी धरली तेव्हा आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "माझा चेडू भुसो रांदता," असं ते गावभर सांगायचे, आणि ती समोर आली की दुसरीकडे बघायचे. हे चार वर्षं चाललं. मग समुद्र वर आला, आबांची पडवी, ठेवणीतलं शिसव, फणसाच्या फळ्या सगळं घेऊन गेला आणि ते नाइलाजाने मुलीच्या कंपनीच्या फळ्यांच्या घरात राहायला आले. पहिल्या पावसाआधी प्रणिता तिथे तपासणीला गेली, तेव्हा आबा शेजारणीच्या दाराला तेल लावत होते. मागे न बघताच ते म्हणाले, "प्रणिता, वायच तो डबो धर."

चार वर्षांनी बाप बोलला होता. तिने डबा धरला. सायीवर कसलाही लेप चालत नाही, हे तिला पाठ होतं. पण तो लेप नव्हताच, तिच्या लेखी तो समेट होता. त्या दिवशी तपासणीच्या कागदावर सगळ्या घरांपुढे तिने 'पृष्ठभाग उत्तम' असं लिहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसतमुखाने कुडाळला परतली.

आता ती तो तुकडा पिशवीत घालून आबांच्या घराकडे निघाली. खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असा तिचा पक्का विचार होता.

आबा अंगणात बसले होते. बाजूला तेलाचे रिकामे डबे, हाताला खोबरेल चोपडलेलं, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू लेकीचं लग्न आताच पार पडलंय.

"येळेर इलंस," ते म्हणाले. "काल निवाऱ्याक तेलाचो दुसरो हात झालो. दारां, खिडक्यो, वरच्यो झडपो, सगळा. गावातली चाळीस माणसा माझ्या हाताखाली होती. सुगंधा म्हणाली, मेस्त्री, तुमी नसतास तर ह्या पुठ्ठ्याच्या घरांचा काय झाला असता?"

"आबा, कंपनीचो नियम आसा, तेल..."

"माका एक सांग. त्या फळयेत लाकडाचा पीठ आसा मां?"

"आसा."

"मगे ता लाकूडच. तुमी तेचा पीठ केलास म्हणान तेका तहान लागाची रवता काय?"

रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने थांबून त्यांना हात जोडले. खालच्या वाडीत अंकुश मेस्त्रीला सगळे विचारायचे. समुद्राने ते विचारणंही नेलं होतं, आणि या तेलाने ते परत आणलं होतं. प्रणिताला हे सगळं एका नजरेत दिसलं.

"यंदा पुरे तेल," एवढंच ती म्हणाली. "कंपनी नवो रंग देतली."

"रंग!" आबा हसले. "तुमका रंगाशिवाय काय कळता?"

*

प्रणिताने तो तुकडा प्रयोगशाळेत नेऊन दिला आणि त्याला काजूच्या तेलाचा वास येतो, एवढंच सांगितलं. करमळकरबाईंनी ओलसर हवेच्या पेटीत सलगचे दोन तुकडे तीन मिलिमीटर अंतर ठेवून बसवले. एका जोडीला तेल, दुसरीला नाही. तिसाव्या तासाला त्यांनी प्रणिताला बोलावून घेतलं. तेल न लावलेले तुकडे होते तसे होते. तेल लावलेल्या तुकड्यांची एक अखंड वीट झाली होती.

"तेल सायीत मुरतं," बाई म्हणाल्या. "ती मऊ पडते, आतून सच्छिद्र होते, आणि ओल खाली भुशापर्यंत पोचते. एरवी या तेलाने कुठलाही जिवाणू मरतो. पण लाकडातही याच जातीची द्रव्यं असतात, म्हणून आपणच आपल्या जिवाणूला ती पचवायला शिकवलं होतं. मागे वळून पाहिलं की हसू येतं."

त्या हसल्या मात्र नाहीत.

"पण मॅडम, दार म्हणजे काही तडा नाही."

"ते तुम्हाला-मला कळतं. त्याला एवढंच कळतं की दोन काठ जवळ आले आहेत आणि मधे ओली हवा आहे. तो जोडतो. उघडझाप होत असलेल्या दाराचे धागे रोज तुटतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दीड-दोन दिवस बंद राहिलं की संपलं. आणि हा जोडताना हवा खातो, हे विसरू नका. बंद खोलीत कुणी असेल तर..." त्यांनी वही पुढे ओढली. "मला सांगा, हे तेल किती घरांना लावलंय?"

प्रणिताने उत्तर आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप आलं.

"सतरा नंबरला. बाकी बघावं लागेल."

"कुणी लावलं?"

"माहीत नाही."

"आणि किनाऱ्यावर इतरत्र? ही पद्धत आहे का तिकडे?"

मालवणपासून हर्णैपर्यंतचा एकेक सुतार प्रणिताच्या डोळ्यांपुढून गेला. त्यातले निम्मे आबांच्या ओळखीचे होते, आणि ज्याच्या हाताला तेलाच्या फोडांचे डाग नाहीत असा त्यांत एकही नव्हता. 'आहे' म्हटलं, की उद्या सकाळी दोनशे निवाऱ्यांवर नोटिसा लागणार, चौकशी होणार, आणि पहिली तक्रार कुठली, तिथे तेल कुणी लावलं, हे नाव सगळ्यात वर छापून येणार. एका म्हाताऱ्याने आयुष्यभराचं शहाणपण वापरून एक गाव निकामी केलं, असं लोक म्हणतील. आबा ते ऐकून जगणार नाहीत, असं तिला वाटलं. आणि तिच्याशी पुन्हा बोलणार नाहीत, असंही वाटलं. खरं सांगायचं तर हे दुसरं आधी वाटलं.

"आता कुणी लावत नाही, मॅडम," ती म्हणाली. "जुन्या लोकांची पद्धत होती."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग एकटंदुकटं प्रकरण आहे. जूनच्या बैठकीत मांडू."

प्रणिताने मनाशी हिशेब केला होता, की पाऊस लागायला महिना आहे. तोवर सुट्टी काढून, एकेक दार धुऊन, सायीवर गरम हवेने नवा थर चढवून आपण हे गुपचूप निस्तरू. तीन आठवड्यांत तिने एकोणीस घरं उरकली. लोकांना ती सांगे, उन्हाळ्यात फळी फुगते, दारं रोज उघडझाप करा, रात्री फटीत नारळाच्या सोडणाचा तुकडा अडकवा. लोक मान डोलवत आणि सोडणाचा तुकडा चुलीत घालत. ज्या सूचनेला धड कारण नाही ती कोण पाळणार? आबा एका बाजूला उभे राहून लेकीची खटपट बघत आणि कंपनीच्या नावाने नाक मुरडत. निवारा तिने शेवटी ठेवला होता, कारण तो मोठा होता, आणि त्याची दारं सुगंधाकाकी हवा खेळावी म्हणून दिवसभर उघडीच ठेवत.

*

वादळ मात्र महिनाभर थांबलं नाही. मे संपायला सहा दिवस असताना ते समुद्रात उठलं आणि किनाऱ्यासमोर येऊन ठाण मांडून बसलं. शुक्रवारी दुपारी एकला आदेश निघाला: सर्वांनी निवाऱ्यात जावं, दारं-खिडक्या-झडपा बंद कराव्यात, पुढची सूचना येईपर्यंत कुणीही उघडू नये.

प्रणिता कुडाळला होती. गाडी काढून निघाली, तर पहिल्याच वळणावर आडवा पडलेला वड. दुसऱ्या रस्त्याला पाणी. तिने गाडीतूनच फोन लावला. तीन वाजले होते. सुगंधाकाकींनी उचलला. निवाऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडेच होती.

"एकशेअडतीस माणसा आसत," त्या ओरडून सांगत होत्या. "सगळी इली. वारो काय म्हणतंस! पण हयसर एक झुळूक येत नाय. फोन स्पीकरार घातलंय, सगळ्यांका आयकाक येता, बोल."

"काकी, दारां पुरी लावू नकात. फटीत कायतरी घाला. आणि झडपो तासातासान उघडा."

पलीकडे कुजबुज झाली. मग आबांचा आवाज आला.

"प्रणिता, डोक्या ताळ्यार आसा मां? फट ठेवली तर वारो दार उपटून नेतलो. पोरा आसत हयसर. मी सगळी दारां बगलंय, एकदम घट्ट बसली आसत."

"आबा, मी सांगतंय ता आयका. दारां उघडी व्हयी."

"कित्या?"

का, असा एका शब्दाचा प्रश्न. पलीकडे एकशेअडतीस माणसं ऐकत होती. तुम्ही लावलेल्या तेलामुळे, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर आबांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन झडप फोडली असती, हे तिला ठाऊक होतं. वाऱ्याने गाडी हलत होती. प्रणिताने तोंड उघडलं.

"कंपनीचो नियम आसा," ती म्हणाली.

आधी आबा हसले, मग त्यांच्या मागून सगळा निवारा हसला. भेदरलेल्या माणसांना हसायला कारण मिळालं होतं. "कंपनीक सांग," आबा म्हणाले, "अंकुश मेस्त्री आसा हयसर. लाकूड काय ता..."

इथे फोन तुटला. त्यानंतर तो लागला नाही.

*

रविवारी सकाळी अकरा वाजता बचाव पथकाबरोबर ती सड्यावर चढली. शेवटचे चार किलोमीटर चालत. पथकाचे प्रमुख घोरपडे आणि त्यांचे पाच जवान. आणलंत ना, म्हणून तिने त्यांना यांत्रिक करवतीबद्दल इतक्या वेळा विचारलं होतं, की घोरपडे शेवटी वैतागले होते.

वादळ उत्तरेकडे सरकलं होतं. सडावाडीतल्या निम्म्या घरांची छपरं उडाली होती, विजेचे खांब आडवे झाले होते. निवारा मात्र जसाच्या तसा उभा होता.

"वा, याला म्हणतात बांधकाम," घोरपडे म्हणाले. "दार कुठल्या बाजूला?"

प्रणिता पुढे धावली. दार पूर्वेला होतं. पूर्वेला गुळगुळीत भिंत होती. तिने दोन्ही तळवे टेकवून ती चाचपली, मग दक्षिणेची, मग पश्चिमेची. खिडक्यांच्या जागी फिकट चौकोन होते. वर झडपांच्या जागी सुरकुत्या. भिंत कोमट होती. जवान हाका मारू लागले. आतून काहीतरी आवाज आला, पण तो हाकेचा नव्हता.

पश्चिमेच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिला ते दिसलं. लोखंडाचं एक टोक भिंतीतून बाहेर आलं होतं आणि फिरत होतं. पाव फेरा, मग थांबायचं. बराच वेळ. मग पुन्हा पाव फेरा. ते आबांचं गिरमिट होतं.

आत काय झालं ते नंतर कळलं. शनिवारी संध्याकाळी माणसांची डोकी दुखायला लागली, दिवे मंद झाल्यासारखे वाटू लागले आणि कुणीतरी झडप उघडायला गेलं तर झडप नव्हती. आबांनी भिंतीला गिरमिट लावलं. एक भोक पाडलं, दुसरं पाडलं. सातवं पाडून होईतो पहिलं बुजलेलं. उघडा भुसा, ओली हवा आणि शंभरावर माणसांचा श्वास, जिवाणूला याहून जास्त काय हवं? मग त्यांनी एकच भोक धरून ठेवलं. रांग लावली. प्रत्येकाने भोकाला तोंड लावून दहा श्वास घ्यायचे, की पुढचा. मधल्या वेळात गिरमिट फिरवत राहायचं, म्हणजे भोक जुळणार नाही. ज्यांना रांगेत उठून येता आलं ते आले.

करवत चालली. भिंतीचा तुकडा पडला आणि आतून आंबूस, गरम हवेचा लोट आला. जवानांनी माणसं बाहेर काढायला घेतली. काही चालत आली, काही उचलून आणावी लागली. लहान मुलं रडली तेव्हा प्रणिताला रडू आलं, कारण रडणं म्हणजे श्वास होता. आबांना दोघांनी धरून आणलं आणि एका दगडाला टेकवून बसवलं. त्यांची बोटं गिरमिटाच्या मुठीवर आखडलेली होती, ती सोडवावी लागली. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होते.

बारा जण रांगेत उठून आले नव्हते. त्यांना जवानांनी एका ताडपत्रीवर ओळीने ठेवलं. दुसरी ताडपत्री त्यांच्यावर घातली.

तेवढ्यात घोरपडेंच्या कमरेचा वायरलेस खरखरला. उत्तरेकडच्या एका गावातलं पथक बोलत होतं. आवाजात गोंधळ होता. निवाऱ्याजवळ पोचलो आहोत, दार सापडत नाही. पुन्हा सांगतो, दार सापडत नाही. त्यावर मुख्यालयाचा आवाज आला, की वादळ अजून वर सरकतंय, पुढच्या सर्व निवाऱ्यांनी दारं बंदच ठेवावीत.

आबा तीन पावलांवर बसले होते. प्रणिताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग घोरपडेंच्या कमरेचा वायरलेस ओढून घेतला.

"मी प्रणिता मेस्त्री. फळीच्या कारखान्यातली तपासनीस." "आदेश मागे घ्या. निवाऱ्यांच्या दारांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं असेल तर ती जुळतात. भिंत होते त्यांची. सगळे निवारे आत्ताच्या आत्ता फोडा. ज्याच्या-त्याच्या गावातल्या सुताराला विचारा, तेल लावलंय का. लावलं असणारच. आमच्या इथे माझ्या वडलांनी लावलं होतं. मला तीन आठवडे माहीत होतं."

पलीकडे खरखर. मग, "पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं. सगळं, शेवटच्या वाक्यासकट.

वायरलेस परत देऊन ती वळली. आबा अजून तिच्याकडेच बघत होते. बाहेर काढलेल्यांपैकी जे शुद्धीवर होते तेही बघत होते. आता आबा ओरडतील, शिव्या देतील, असं तिला वाटलं. ती वाटच पाहत होती म्हणा ना.

"तीन आठवडे?" आबांनी विचारलं.

"होय, आबा."

"फोनार मी विचारलंय, कित्या म्हणान."

"सगळे आयकत होते. तुमचा नाव..."

"माझा नाव," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी मान वळवून ताडपत्रीकडे पाहिलं.

"कागद आसा?"

तिने खांद्याच्या पिशवीतून वही काढली.

"लिही," आबा म्हणाले. "सुगंधा कोयंडे. घर नंबर सतरा."

प्रणिताची नजर ताडपत्रीकडे गेली. आबा थांबले. घाई केली नाही, धीरही दिला नाही. तिने पेन उघडून लिहिलं तेव्हाच दुसरं नाव सांगितलं. मग तिसरं. प्रत्येकाचं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर. आठवं नाव चार वर्षांच्या मुलीचं होतं. तिचा घर नंबर सांगताना ते चुकले, आणि मग दुरुस्त करून पुन्हा सांगितला.

बारा झाली.

"आता तेल कोणी लावलान, तेचा."

तिने अंकुश मेस्त्री असं लिहिलं.

"आणि म्हायत आसान गप रवला, तेचा."

पेन कागदावर टेकलं होतं. अक्षर उमटेना. आबा तिच्या हाताकडे बघत बसून राहिले, आणि तोवर घोरपडेंच्या वायरलेसवर तिसऱ्या गावाचं नाव आलं होतं.